आक्काच्या खोलीची वेलबुट्टी

दादा घरात सगळ्यांत धाकटे, तरी त्यांना सगळे दादा म्हणत, आणि याला जबाबदार ते स्वतःच. पाच वर्षांचे असताना, आपल्याला घरात कुणी मोठं समजतच नाही या दुःखाने त्यांनी पलंगाखाली मुक्काम ठोकला आणि 'दादा' म्हटल्याशिवाय बाहेर येणार नाही असं जाहीर केलं. आईने लक्ष दिलं नाही. वडील छडी शोधायला लागले. आक्का तेवढी जमिनीवर पालथी पडली, पलंगाखाली डोकावली आणि म्हणाली, "दादा, ये बाहेर. जेवायला वाढलंय." ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनेच म्हटलं म्हणून मग सगळे म्हणायला लागले, ते आजतागायत. पाणीपुरवठा खात्यात दादा हेडक्लार्क झाले, तिथे तर साहेबसुद्धा दादाच म्हणतात.

ही आक्का नर्स झाली, नर्सची मेट्रन झाली, लग्न करायचं राहून गेलं, आणि आता महिनाअखेरीस निवृत्त होणार होती. हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली जागा सोडावी लागणार होती. तिने आपल्याकडे राहायला यावं असं दादांच्या मनात होतं. वहिनींच्या मनात तर दादांच्याही आधीपासून होतं. आक्काच्या मनात काय आहे ते मात्र कळायला मार्ग नव्हता, कारण विचारलं की ती म्हणायची, "बघू." मोठमोठ्या सर्जनना वॉर्डाबाहेर चपला काढायला लावलेली ती बाई. तिच्या 'बघू'ला पुढचा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यातून निवृत्त नर्सेससाठी एक वसतिगृह असल्याचं आणि ती तिथे जाऊन खोल्या पाहून आल्याचंही कानावर आलं होतं.

दादांनी ठरवलं, आता खोलीच अशी करायची की आक्काला 'बघू' म्हणताच येणार नाही.

खोली होती. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून ती रिकामीच होती, म्हणजे तिच्यात चार सुटकेसा, एक शिलाई मशीन आणि दादांची व्यायामाची सायकल होती. त्या सायकलवर टॉवेल वाळत आणि ती दादांच्या पायाखाली कधी येत नसे. पण दादांच्या डोळ्यांपुढे वेगळीच खोली होती. मागे एकदा ते आक्काला एका जुन्या नाट्यगृहात घेऊन गेले होते. पहिला अंक संपला तरी आक्का वरतीच बघत होती. छताच्या कडेने प्लास्टरची एक नाजूक वेल सगळीकडून फिरली होती. "दादा," ती म्हणाली होती, "आम्ही जन्मभर डाग पडलेली छतं बघितली. असलं छत असेल तर आजारी पडायलाही काही वाटणार नाही."

हे त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, भिंतीला हात लावायच्या आधी कॉम्प्युटरवर काढून बघा." आणि घर सजवायचं एक सॉफ्टवेअर तिने तिथे बसल्या बसल्या दादांच्या लॅपटॉपवर उतरवूनही दिलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सोपं आहे हो." हा शब्द पोरांनी आईबापांपुढे उच्चारू नये असा कायदा व्हायला हवा.

सॉफ्टवेअर उघडताच पडद्यावर एक निळ्या शर्टातला माणूस खिशात हात घालून उभा. दादांनी खोलीच्या चार भिंती काढल्या, तरी हा आपला मधोमध. आक्काच्या खोलीत हा परका पुरुष कोण, हे दादांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी त्याला पुसून टाकलं. वस्तूंच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून त्याला मुद्दाम उभा केलेला असतो, हे त्यांना पुढे फार उशिरा कळलं, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसरी अडचण स्वभावाची. खोली काढून झाली, पण ती हवेत लोंबकळायला लागली. अधांतरी काम दादांनी खात्यातही कधी खपवून घेतलं नाही. म्हणून त्यांनी खोलीभोवती फ्लॅट काढला. मग फ्लॅट लोंबकळायला लागला. म्हणून खालचा मजला काढला, वरचा काढला, जिना काढला, आणि पाणीपुरवठ्याचा माणूस असल्याने गच्चीवरची टाकी तर झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपासकट काढली. दोन रविवार त्यातच गेले. वहिनी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "आक्कांना टाकीत ठेवणार आहात का?"

मग पानं. एक पान काढायचं, म्हणजे त्याच्या नकला करून वेल होते, हे दादांनी वाचून काढलं होतं. पण ते एक पान निघेना. पहिलं पान पाहून वहिनींनी विचारलं, "ही जीभ कुणाची?" दुसरं पान समोरच्या फ्लॅटमधल्या वकिलांनी पाहिलं. हे वकील निवृत्त झाले होते, पण सल्ला देण्यातून झाले नव्हते. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मूत्रपिंड छान आलंय. आक्कांच्या पेशाला धरून आहे." दादा त्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेले नाहीत. शेवटी त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीतलं एक खरंखुरं पान तोडलं, पडद्याला चिकटपट्टीने लावलं आणि त्याच्या कडेकडेने माऊस फिरवला. पान आठवडाभर पडद्यावर होतं. दादांचं काम हळू आणि ऊन भराभर, त्यामुळे देठापासून सुरुवात केली तेव्हा जे पान टवटवीत होतं ते टोकाशी येईपर्यंत आक्रसलं, आणि चित्रातलं पान एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला बारीक असं झालं. पण पान वाटत होतं. वहिनी म्हणाल्या, "आता पान आहे." तेव्हा दादांना हेडक्लार्क झाल्याच्या दिवसाची आठवण झाली.

पुढचं काम खरोखरच सोपं होतं. पान निवडायचं, ते ज्या रेषेवरून पळवायचं ती रेषा दाखवायची, आणि क्लिक. कॉम्प्युटर नकला करत पानं लावत सुटतो. दादांनी क्लिक केलं. लॅपटॉप बराच वेळ गुरगुरला. खोलीत काही दिसेना. दादांनी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा गुरगुरला. आपली वेल खोलीत नसून इमारतीच्या बाहेरून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर सगळीकडून गुंडाळली गेली आहे, आणि निळ्या शर्टातला माणूस हाकलल्यामुळे एकेक पान दाराएवढं झालं आहे, हे दादांना खोलीच्या आतून दिसणं शक्य नव्हतं.

एवढ्यात वकिलांनी दुसरा सल्ला दिला. "घरात काहीही काम करायचं तर सोसायटीला अर्ज द्या. सोबत आराखडा जोडा. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

दादा अर्ज या प्रकाराबद्दल हळवे होते. त्यांनी विषय, संदर्भ आणि महोदय यांसकट सुरेख अर्ज लिहिला, 'खोलीतील किरकोळ सुशोभन' असा, आणि आराखड्यासाठी प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटर सवयीप्रमाणे अडकला. कागद ओढून काढण्याच्या खटपटीत दादांचे हात काळे झाले, चष्मा पडला, आणि निघालेला कागद त्यांनी तसाच घडी करून पाकिटात घातला. कागदावर आमच्या दादांची तीन मजली इमारत होती, टाकीसकट, आणि तिच्या कमरेला अवाढव्य पानांचा पट्टा.

सोसायटीचे सेक्रेटरी मनाने चांगले. त्यांना वाटलं, दादांनी स्वखुशीने आख्खी इमारत सजवायचं मनावर घेतलं आहे. त्यांनी तातडीची सभा बोलावली. तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, पानांची सावली त्यांच्या मशीनवर पडेल. वरच्या मजल्यावरचे शिकवणीचे मास्तर म्हणाले, पानं फक्त दुसऱ्या मजल्यालाच का, आम्ही काय इमारतीत राहत नाही? कुणीतरी फुलं सुचवली. मागून कुणीतरी विचारलं, "पण ही कोबीची पानं कुणी काढली?"

"कोबीची नाहीत," दादा उभे राहून म्हणाले. खरं तर त्यांना सांगायचं होतं की हे सगळं एका खोलीच्या छताचं आहे आणि चुकून बाहेर आलंय. पण 'कोबी' या शब्दाने त्यांचा तोल गेला आणि पुढची दहा मिनिटं ते पानाच्या देठाबद्दल आणि शिरांबद्दलच बोलत राहिले. बसले तेव्हा टाळ्या झाल्या आणि आराखडा माहितीसाठी महापालिकेकडे पाठवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

महापालिकेचं उत्तर दाराला चिकटवूनच आलं. 'इमारतीच्या दर्शनी भागावर विनापरवाना केलेले नक्षीकाम तात्काळ काढून टाकावे, अन्यथा…' दादांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आपल्यावर बजावलेली असली तरी नोटीस निर्दोष लिहिलेली होती, हे त्यांच्यातल्या हेडक्लार्कला कबूल करावंच लागलं.

दुर्दैव असं की नेमका त्याच दुपारी आक्काचा फोन आला आणि तो वहिनींनी घेतला. वहिनींना खोटं बोलता येत नाही. चार वाक्यांत सगळं बाहेर आलं, खोली, वेल, पानं आणि नोटीस. मग आक्का म्हणाली, "मी यायच्या आधीच तुमच्या दारावर नोटीस लागली ना? वहिनी, दादाला सांग, हे सगळं थांबव. मी वसतिगृहात नाव देऊन टाकते."

दादा त्या दिवशी जेवले, पण कसं जेवले ते त्यांनाही कळलं नाही.

नोटीस मात्र कुणाच्या दुःखाची वाट बघत नसते. दोन दिवसांनी बांधकाम विभागाचे एक निरीक्षक आले. रस्त्यावर उभं राहून त्यांनी इमारतीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा इमारतीकडे.

"नक्षीकाम कुठाय?"

"नाहीये," दादा म्हणाले.

"काढलंत?"

"नव्हतंच."

निरीक्षकांनी दादांकडे करुणेने पाहिलं. "असं कसं चालेल, दादा? तुम्ही खात्यातले. नोटीस निघाली म्हणजे ते होतं. नव्हतं असं लिहिलं तर नोटीस कशी निघाली, ते मला लिहावं लागेल."

"मग काय करू?"

"काढून टाकलं असं कळवा. आधीचा एक फोटो, नंतरचा एक फोटो. फाइल बंद."

दादांच्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटेना. नसलेली गोष्ट काढून टाकल्याचं लिहून देणं म्हणजे खोटं, आणि न देणं म्हणजे नोटीस. शेवटी वकिलांनी तोडगा काढला. दादांनी लॅपटॉपवरची पानं लावलेली इमारत छापली, खाली अगदी बारीक अक्षरांत 'हे संगणकावरील चित्र आहे' असं खरं तेच लिहिलं, आणि शेजारी खऱ्या इमारतीचा फोटो लावला. निरीक्षकांनी दोन्ही नीट पाहिले. बारीक अक्षरं त्यांनी वाचली नाहीत, किंवा वाचून सोडून दिली. "काम स्वच्छ केलंत हो," ते म्हणाले, "भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. लोक फार घाण करून ठेवतात." आणि दादांशी हात मिळवून गेले.

एरवी ही गोष्ट दादांनी महिनाभर रंगवून सांगितली असती. पण फाइल बंद झाली तरी खोली तशीच होती, आणि आक्का येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि क्वार्टरचा रस्ता धरला.

आक्काची जागा म्हणजे एका मोठ्या खोलीचा अर्धा भाग. मध्ये पडदा, पलीकडे दुसऱ्या नर्सचं बिऱ्हाड. पलंगावर उघडी ट्रंक, आणि आक्का तिच्यात घड्या घातलेले कपडे रचत होती. दादांना पाहताच तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि मगच म्हणाली, "बोल."

"बोलायचं नाहीये. दाखवायचंय."

लॅपटॉपने आधी आपलं अपडेट करून घेतलं. भाऊ-बहीण दोघंही पडद्यावर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसून राहिले. मग खोली उघडली. आदल्या संध्याकाळी दादांनी बाहेरची वेल पुसून, पानं लहान करून, ती अखेर आत आणली होती. पलंग होता, खिडकी होती, खिडकीजवळ खुर्ची होती, आणि वर छताच्या कडेने पान, पान, पान अशी वेल निघाली होती, प्रत्येक पान एका बाजूला जरा फुगीर.

आक्काने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हे तू काढलंस?"

"हो."

"सगळं?"

"पलंग तयार मिळाला. पानं माझी."

तिने पडद्यावरच्या एका पानाला बोट लावलं, मग बोट पदराला पुसलं. "छान आहे रे. खरंच छान आहे. पण दादा, मी आत कसं जायचं? दारच नाहीये."

दादांनी खोली डावीकडून फिरवली, उजवीकडून फिरवली. दार नव्हतं. वेल पुसताना तेही पुसलं गेलं असणार. आख्खी इमारत, जिना, टाकीचं झाकण, सगळं काढून त्यांनी आक्काच्या खोलीला दार ठेवलं नव्हतं. दादांचा चेहरा असा झाला की आक्काला हसू आवरेना. ती हसत हसत ट्रंकेशेजारी बसली, आणि मग दादाही हसले. पलीकडच्या नर्सने पडद्याआडून विचारलं, "काय झालं हो मेट्रन?"

हसू ओसरल्यावर आक्का म्हणाली, "एक विचारू? एवढं सगळं काढलंस. मला काय हवंय, हे एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

विचारलं असतं तर ती 'बघू' म्हणाली असती, हे खरं होतं. पण त्यांनी विचारलं नव्हतं, हे जास्त खरं होतं.

"काय हवंय?" ते म्हणाले.

आक्काने आधी खोलीतला मधला पडदा नीट ओढून घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कडी. दाराला आतून कडी."

"एवढंच?"

"तुला एवढंच वाटतं. घरी आपण पाच जण एका खोलीत होतो. नंतर होस्टेल. मग क्वार्टर. कधीही हाक यायची आणि लगेच निघायला लागायचं, म्हणून आम्हाला आतून कडी लावायची परवानगीच नसायची. वसतिगृहातही कडी नाहीये. म्हाताऱ्या बायका, पडल्याझडल्या तर, म्हणून. मी मुद्दाम विचारून आले." तिने ट्रंकेतली एक घडी उगाच सारखी केली. "दुसऱ्यांची दारं वाजवत आणि आपलं उघडं ठेवत सगळं आयुष्य गेलं. मला एकदा आत बसून कडी लावून बघायचीये. नुसतीच. काही करायचं नाहीये आत."

"मग आमच्याकडे लाव की."

"तुमच्याकडे कशी लावू? मी आत कडी लावून बसले तर वहिनीला वाटेल, आक्का रुसली. शेजारीपाजारी विचारतील, काय बिनसलं म्हणून. पाहुणं माणूस दार लावून बसत नाही, दादा."

दादांनी घरी येऊन हे सगळं वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. वहिनी भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला रुसवा वाटेल?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मला दार लावून एक तास बसायचंय. विचारलंत कधी? आक्कांना सांगा, त्यांचा तास झाला की मी जाऊन बसेन." मग डोळे पुसून पुन्हा चिरायला लागल्या. पुढ्यात कांदा होता, म्हणून दादांनी काही विचारलं नाही.

आता कडी. सॉफ्टवेअरमध्ये झुंबरं होती, खांब होते, दाराच्या मुठी शंभर प्रकारच्या होत्या, पण साधी कडी नव्हती. दादांनी ती स्वतः काढली. आधी दार काढलं, मग चौकट, मग दांडा, कोंडा, दोन स्क्रूची भोकं. निळ्या शर्टातल्या माणसाला त्यांनी सन्मानाने परत बोलावलं, मापापुरता, आणि मापं घेऊन झाल्यावर बाहेर जिन्यात उभा केला. कडी पहिल्या फटक्यात नीट आली. हार्डवेअरच्या दुकानदाराला त्यांनी चित्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, कडीचं चित्र कशाला आणलंत? कडी म्हटलं असतंत तरी दिली असती." पण दिली, पितळी दिली, आणि सुतार येऊन ती लावूनही गेला. प्लास्टरच्या कारागिराने वेल केली ती फक्त एका भिंतीला, पलंगावरून दिसेल एवढीच. वहिनींचा निरोप ऐकून 'येते' म्हणाली तेव्हा आक्कानेच फोनवर तसं सांगितलं होतं. त्याने विचारलं, "पानं अशी वाकडी का?" दादा म्हणाले, "तशीच आहेत ती." सोसायटीला या वेळी अर्ज वहिनींनी दिला, एका ओळीचा, चित्राशिवाय, आणि तो त्याच दिवशी मंजूर झाला.

आक्का रिक्षातून ट्रंक घेऊन आली. चहा घेतला, वहिनींची नाडी पाहिली, दादांना उगाचच वजनावरून बोलली. मग ट्रंक खोलीत गेली, मागोमाग आक्का गेली. दाराशी ती क्षणभर थांबली. दादा आणि वहिनी बाहेर कोचावर बसून दोघेही एकदम वर्तमानपत्र वाचायला लागले. वर्तमानपत्र एकच होतं.

दार लागलं. मग थोड्या वेळाने पितळेवर पितळ घासल्याचा आवाज आला, खट. मग कडी उघडली. मग पुन्हा लागली, खट. या वेळी तशीच राहिली.

"हाक मारू का?" दादांनी हळूच विचारलं. "खुर्ची नीट आहे का, वेल दिसते का, ते तरी—"

"गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

अर्धा तास गेला. आतून काहीच आवाज नव्हता. वकील चौकशीला आले. त्यांनी चहाचे तीन कप पाहिले, बंद दार पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आल्या आल्या आतून कडी? काय हो, रुसल्या की काय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, "राहायला आल्यात."